वितळवलेल्या प्लाझ्मात धागे, गळती, उशीर : वॉटर बाथला शिव्या घालण्याआधी हे तपासा

रात्री साडेनवाला इश्यू काउंटरचा फोन वाजला. पलीकडे वॉर्डमधली सिस्टर. "मॅडम, तुम्ही पाठवलेल्या प्लाझ्मात शेवया दिसतायत. लावू का नको?"

"नको, तशीच परत पाठवा," एवढं सांगून मी दुसरी पिशवी काढायला फ्रीजरकडे गेले. त्या शेवयांचं काय झालं ते पुढे सांगते. प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग. तो गोठवून ठेवतात, त्याला एफएफपी (फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा) म्हणतात, आणि मागणी आली की वॉटर बाथमध्ये, म्हणजे ठरावीक तापमानाला ठेवलेल्या कोमट पाण्याच्या यंत्रात, वितळवतात. गोव्यात रक्तकेंद्रात टेक्निशियन म्हणून काम करताना हा फोन मी इतक्यांदा घेतलाय, की आता पलीकडचा आवाज ऐकूनच निम्मे प्रश्न तयार असतात. (२०२० पासून कागदोपत्री रक्तपेढीचं रक्तकेंद्र झालं, फोनवर मात्र सगळे अजून ब्लड बँकच म्हणतात.) नव्याने रुजू झालेल्या टेक्निशियन मुलामुलींसाठी आणि लहान इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरांसाठी हे लिहिते आहे. नातेवाइकांनी वाचलं तरी हरकत नाही, पण गोठलेली पिशवी हातात घेऊन स्वतः वितळवायला जाऊ नका.

लक्षणं

तक्रार येते ती साधारण यांपैकी एक असते.

• वितळवलेल्या एफएफपीमध्ये पांढरे धागे, कापसासारखे पुंजके किंवा साबुदाण्यासारख्या गाठी.
• पिशवी बाथमधून काढली आणि बाहेरच्या प्लास्टिकमध्ये पिवळसर पाणी साचलेलं.
• वीस-तीस मिनिटांत वितळायला हवी ती पिशवी पाऊण तास झाला तरी मधे टणक.
• पिशवीवरचं लेबल भिजून सुटलेलं, गटाचं अक्षर वाचता येत नाही.
• बाथचा डिस्प्ले ३७ दाखवतो, पाण्यात बोट घातलं तर काहीतरी वेगळंच.
• बाथच्या कडेला हाताला लागणारा बुळबुळीत थर, किंवा पाण्याला वास.

पहिली प्रतिक्रिया प्रत्येक ठिकाणी एकच : "बाथ बिघडला, इंजिनियरला बोलवा." इंजिनियर येतो, बाथ चालू करतो, पाणी बरोबर ३७ वर येतं, तो चहा पिऊन जातो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. माझ्या अनुभवात बाथ खरोखर बिघडलेला असण्याच्या वेळा कमी. बहुतेकदा गडबड असते ती पिशवीच्या प्रवासात, म्हणजे ती फ्रीजरमध्ये जाण्याआधी, फ्रीजरमधून काढताना किंवा बाथमधून घाईने उचलताना.

तपासणीला लागण्याआधी थोडं गणित, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एफएफपी उणे ३० अंशांवर किंवा त्याहून थंड ठेवलेला असतो आणि तसा तो एक वर्ष चालतो. वितळवायचा ३० ते ३७ अंशांच्या पाण्यात. ३७ च्या वर गेलात तर प्रथिनं बिघडायला लागतात, आणि ज्या गोठण-घटकांसाठी आपण हा प्लाझ्मा देतो तेच मरतात. पाचवा आणि आठवा घटक तर मुळातच नाजूक. फार थंड ठेवून हळूहळू वितळवलात तर वेगळी आफत, ती शेवयांच्या भागात येते. २०० मिलिलिटरच्या एका पिशवीला उणे ३० वरून ३३ अंशांपर्यंत आणायला अंदाजे १०५ किलोज्यूल उष्णता लागते. त्यातला जवळपास दोन तृतीयांश हिस्सा नुसता बर्फाचं पाणी करण्यात जातो. म्हणून पिशवी बराच वेळ 'काहीच होत नाही' अशी वाटते आणि मग शेवटच्या पाच मिनिटांत भराभर सुटते. त्या पाच मिनिटांत धीर सुटला की पुढचा घोटाळा ठरलेला.

१. पिशवीकडे नीट बघा. पैसे शून्य.

फ्रीजरमधून काढलेली पिशवी थेट पाण्यात टाकायची नाही. आधी लेबल : क्रमांक, गट, मुदत, मागणीपत्राशी जुळणी. एकदा वितळवली की ती पुन्हा गोठवता येत नाही, म्हणजे चुकीची पिशवी काढली तर एका रक्तदात्याचं दान आपल्या हाताने कचऱ्यात. प्लाझ्माचा गट जुळवताना लाल पेशींच्या उलटा विचार करायचा हे नवीन मुलं पहाटे तीनला हमखास विसरतात : एबी गटाचा प्लाझ्मा कुणालाही चालतो, ओ गटाचा फक्त ओ ला. भिंतीवर तक्ता लावा. मला इतकी वर्षं झाली, मी अजून त्याच्याकडे बघते.

मग कंबर बघा. हो, कंबर. आमच्याकडे पिशवी गोठवायला ठेवताना तिच्या मध्यावर रबरबँड चढवतात आणि पूर्ण गोठली की काढून घेतात. प्लाझ्मावर त्याचा खोलगट ठसा राहतो, पिशवीला कंबर येते. ती कंबर दिसत असेल तर पिशवी गोठल्यापासून आजपर्यंत विरघळलेली नाही. कंबर गायब असेल, पिशवी गुळगुळीत ढेकळासारखी झाली असेल, तर मधे कधीतरी ती वितळून पुन्हा गोठली आहे. तापमानाची वही काहीही सांगो, ती पिशवी बाजूला काढायची. गोव्यात जूनच्या पहिल्या वाऱ्यापावसात माडाची झावळी तारांवर पडते, लाइट जाते, जनरेटर सुरू होतो पण फ्रीजरचा प्लग भलत्याच लाइनवर असतो. हे सकाळी कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तोवर सगळं पुन्हा कडक झालेलं असतं. दोन रुपयांचा रबरबँड ते सांगतो. तुमच्याकडे ही पद्धत नसेल तर पिशव्या आडव्या गोठवा आणि उभ्या ठेवा. आतला हवेचा बुडबुडा जागेवरून हलला की कळतं.

तिसरी गोष्ट कानाने. उणे ३० खालची पिशवी काचेसारखी ठिसूळ असते. ट्रेमध्ये टाकल्यावर 'टक्' असा आवाज आला तर हात आवरा. कोपरे, पोर्टची (जिथे सेटची सुई खुपसतात त्या तोंडांची) मुळं आणि ट्यूबिंगचं शेपूट ही तडकण्याची ठिकाणं. पिशव्या एकमेकींना चिकटल्या असतील तर टेबलावर आपटून सुटवायच्या नाहीत. माशांच्या गाड्यावर बर्फाची लादी फोडतात तसं प्लाझ्माचे गठ्ठे आपटून सोडवणारा एक सहकारी आमच्याकडे होता. त्याच्या पाळीत गळतीची नोंद जास्त का, हे शोधायला आम्हाला दोन महिने लागले. गोठलेल्या अवस्थेत तडा दिसत नाही. तो वितळल्यावर बोलतो.

२. बाहेरची पिशवी आणि पोर्टची दिशा. पैसे जवळपास शून्य.

प्लाझ्माची पिशवी उघडी पाण्यात सोडायची नाही. झिप असलेल्या जाड, स्वच्छ, नव्या प्लास्टिक पिशवीत घालायची, आतली हवा दाबून काढायची आणि तोंड पाण्याच्या वर राहील अशी उभी टांगायची. पोर्ट वर. आमच्या बाथमध्ये त्यासाठी स्टीलचा रॅक आहे. नसेल तर चिमटा लावून कडेला अडकवा.

यात दोन कारणं आहेत आणि दोन्ही मोठी. पोर्टच्या टोपीखाली पाण्याचा एखादा थेंब अडकला तर दिसत नाही. वॉर्डमध्ये सिस्टर ती टोपी फिरवून सेटची सुई आत खुपसते तेव्हा तो थेंब सरळ रुग्णाच्या शिरेत जातो. ३७ अंशांचं साचलेलं पाणी हे स्यूडोमोनास या जंतूचं माहेरघर. बाथच्या पाण्यातून प्लाझ्मा किंवा क्रायो (प्लाझ्मापासून बनवलेला गोठण-घटकांचा साका) दूषित होऊन रुग्णांना संसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, ही कुणाची कल्पना नाही. दुसरं कारण लेबलचं : भिजलेलं लेबल म्हणजे ओळख नसलेली पिशवी, आणि अशी पिशवी इश्यू होत नाही.

वितळल्यावर बाहेरच्या पिशवीत काय आहे ते बघा. पिवळसर पाणी असेल तर आतली पिशवी फुटली आहे, विषय संपला. स्वच्छ पाणी असेल तर बाहेरची पिशवी गळकी होती आणि बाथचं पाणी पोर्टपर्यंत पोचलं असू शकतं. 'पुसून देऊया, आतली तर बरी आहे' हे वाक्य मी ऐकलंय. मी पुसून देत नाही; पिशवी बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवते. काहीच पाणी नसेल तर आतली पिशवी कोरडी पुसा, पांढऱ्या टिश्यूवर धरा आणि दोन्ही तळव्यांत हलकेच दाबा, कोपऱ्यांवर आणि पोर्टच्या मुळाशी नजर ठेवून. केसाएवढा तडा असला तरी टिश्यूवर पिवळा ठिपका उमटतो.

झिपच्या पिशव्या धुऊन पुन्हा वापरू नका. इथे काटकसर करायची नाही.

३. वेगळा थर्मामीटर.

डिस्प्लेवरचा आकडा हा सेन्सर जिथे बसलाय तिथल्या पाण्याचा. तो बहुधा हीटरजवळ किंवा तळाशी असतो. तुमची पिशवी असते दुसऱ्या कोपऱ्यात. कॅलिब्रेट केलेला एक थर्मामीटर घ्या, पिशवीच्या जवळ, पाण्याच्या मध्यावर धरा, एक मिनिट थांबा, आकडा लिहा. मग चारही कोपऱ्यांत हेच. कोपऱ्याकोपऱ्यात दोन-तीन अंशांचा फरक आला तर पाणी फिरत नाहीये. सगळीकडे सारखाच पण डिस्प्लेपेक्षा वेगळा आला तर सेन्सर खोटं बोलतोय. या दोन वेगळ्या बिघाडांचे इलाज वेगळे आहेत आणि इंजिनियरला फोनवर हा फरक सांगितलात तर त्याची एक फेरी वाचते.

काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर बाथमध्ये सोडून जाऊ नका. फुटला तर पूर्ण बाथ गेला.

४. बाथमधली गर्दी.

'बाथ स्लो झालाय' या तक्रारीचं बहुतेक वेळा हेच उत्तर असतं. समजा बाथ १२ लिटरचा आहे. वरचं गणित लावा : एक गोठलेली पिशवी एवढ्या पाण्याचं तापमान साधारण दोन अंशांनी खाली ओढते. अपघाताची केस आली, चार पिशव्या एकदम टाकल्या, तर आठ अंश. हीटर मधे भर घालत असतो म्हणून प्रत्यक्षात तेवढं घसरत नाही, पण पहिली काही मिनिटं पाणी ३७ च्या बरंच खाली रेंगाळतं. त्यात पिशव्या एकमेकींना चिकटून ठेवल्या की मधल्या दोघींच्या पोटात बर्फ तसाच. पातळी कमी असेल तर आणखी वाईट. पिशवीचा वरचा तिसरा हिस्सा हवेत आणि आपण घड्याळ बघत बसलेले.

आमचा नियम असा आहे की पिशव्यांमध्ये किमान दोन बोटांची जागा, पाणी प्लाझ्माच्या रेषेच्या वर, आणि मोठी मागणी असेल तर पाच-सात मिनिटांच्या अंतराने दोन-दोन. डॉक्टरांना फोनवर खरा वेळ सांगायचा. 'आत्ता पाठवते' म्हणून अर्धा तास लावण्यापेक्षा 'पहिल्या दोन पंचवीस मिनिटांत, पुढच्या दोन त्यानंतर' हे ऐकून तिथला माणूस बाकीची तयारी करू शकतो.

घाई होते ती खऱ्या कारणाने होते, हे मला मान्य आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, हायवेवरचा अपघात. पावसाळ्यात सत्तरी-पेडण्याकडून, कधी दोडामार्ग-सावंतवाडीकडून घोणस चावलेला माणूस येतो. घोणशीचं विष रक्तातला फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी बांधणारं प्रथिन, खाऊन टाकतं आणि रक्त गोठेनासं होतं. तिथेही आधी प्रतिविष, आणि प्लाझ्मा द्यायचा की नाही ते डॉक्टर ठरवतात, कारण विष फिरत असेल तर नवे घटकही तेच खाणार. म्हणजे आपल्याकडे वीस मिनिटं असतात. उकळतं पाणी, गिझरचा नळ, ऊन, हेअर ड्रायर, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह यातलं काहीही वापरायचं नाही. एका लहान इस्पितळातून बादलीतल्या कढत पाण्यात बुडवलेली पिशवी आमच्याकडे परत आली होती. कडेचा प्लाझ्मा अंड्याच्या पांढऱ्यासारखा धरलेला आणि मधे बर्फाचा गोळा. घरच्या मायक्रोवेव्हमध्येही तेच होतं, एक जागा भाजते आणि शेजारची गोठलेली राहते.

५. शेवया : बाहेर कधी काढली?

आता ती साडेनवाची पिशवी. परत आली तेव्हा हातात धरून बघितली. पिवळ्या प्लाझ्मात बारीक पांढरे धागे, हलवल्यावर बर्फाच्या चुऱ्यासारखे फिरणारे. मी सिस्टरना विचारलं, "आली तेव्हा कशी होती?"

"मधे थोडं कडक होतं मॅडम, सुपारीएवढं. पेशंट सीटीला गेला होता, म्हणून आम्ही फ्रीजमध्ये ठेवली."

तिथेच उत्तर मिळालं. आमच्या काउंटरवरून पिशवी मधे बर्फ असतानाच उचलली गेली, आणि उरलेला बर्फ वॉर्डच्या फ्रीजमध्ये चार-पाच अंशांवर सावकाश वितळला. गोठलेला प्लाझ्मा थंडीतच हळू वितळवला की त्यातला आठवा घटक, फायब्रिनोजेन, व्हॉन विलेब्रँड घटक, तेरावा घटक हे साक्यासारखे खाली बसतात. यालाच क्रायोप्रेसिपिटेट म्हणतात. १९६०च्या दशकात अमेरिकेत ज्युडिथ पूल यांनी हीच गोष्ट हेरली आणि हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजाराच्या) उपचाराचा रस्ता उघडला. आपण आजही क्रायो याच तत्त्वावर बनवतो. त्या रात्री आमच्या वॉर्डने नकळत क्रायो बनवला होता, फक्त नको तिथे.

म्हणून बाहेर काढण्याआधी पिशवी बोटांनी चाचपायची. मध्यावर, कोपऱ्यांत, पोर्टच्या खाली. सुपारीएवढी गाठ लागली तरी परत पाण्यात, हलक्या हाताने पुढे-मागे डोलवत. जोरात चोळायचं किंवा खुळखुळ्यासारखं हलवायचं नाही, फेस होतो. गाठ संपल्यावर उजेडासमोर धरून बघायचं.

आणि धागे दिसलेच तर? पिशवी आपल्याच हातात असेल, वॉर्डला गेली नसेल, तर ३७ अंशांच्या पाण्यात आणखी काही मिनिटं ठेवून हळुवार हलवा. क्रायोचे धागे विरघळतात आणि प्लाझ्मा पुन्हा नितळ होतो. विरघळले नाहीत, चिवट राहिले, एकाला एक चिकटून शेंबडासारखी गाठ झाली तर तो फायब्रिन, म्हणजे खरी गुठळी. ती पिशवी जात नाही. ट्रान्सफ्यूजन सेटमध्ये गाळणी असते म्हणून चालेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. गाळणी अडवते ती गुठळी, पण ती तयार होताना जे घटक खर्ची पडले ते परत येत नाहीत. वॉर्डमधून फिरून आलेली पिशवी मात्र धागे विरघळले तरी मी परत इश्यू करत नाही. त्या रात्रीची डॉक्टरांच्या सहीने टाकून दिली आणि दुसरी पाठवली. या वेळी काउंटरवर मी स्वतः चाचपली.

वितळल्याची वेळ आणि नवी मुदत लेबलवर तिथल्या तिथे लिहा. लगेच लावायचा नसेल तर २ ते ६ अंशांवर, २४ तासांच्या आत, तोही रक्तकेंद्राच्या फ्रीजमध्ये. वॉर्डच्या फ्रीजमध्ये इन्सुलिन, दही आणि कुणाचा तरी डबा असतो. त्याचं तापमान कुणी लिहीत नाही. क्रायो असेल तर उलट, वितळवल्यावर फ्रीजमध्ये ठेवायचाच नाही, २० ते २४ अंशांवर ठेवून काही तासांतच वापरायचा.

६. पाणी.

रोज बदला. डिस्टिल्ड वापरा. बाथ रिकामा करून आतून पुसा, तुमच्या केंद्राच्या लिखित पद्धतीत असेल ते जंतुनाशक लावा, धुवा, कोरडा करा, सही करा. मे महिन्यात टाकीतलं पाणी संपलं की कुणीतरी विहिरीचं ओततं. आपल्या तांबड्या मातीचा लोखंडी थर हीटरवर धरतो आणि मग तो हीटर पाण्याऐवजी स्वतःलाच तापवत बसतो. चवथीच्या सुट्टीनंतर परतल्यावर बाथला वास येत असेल तर का, ते विचारायला नको.

७. पंप, हीटर, व्होल्टेज.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच यंत्राकडे वळा. पाणी फिरवणारा पंप चालू आहे का ते बघायला कागदाचा कपटा पाण्यावर टाका. तो फिरला पाहिजे. पाणी फिरलं नाही तर पिशवीभोवती थंड पाण्याचं कवच तयार होतं आणि बाहेरचे ३७ अंश आत पोचत नाहीत. जाळीत लेबलचा तुकडा अडकलेला असतो बरेचदा. बाथ बंद करून, प्लग काढून, मग जाळी साफ करा.

हीटर तपासायची सोपी युक्ती घड्याळाची. एक किलोवॅटचा हीटर एका पिशवीची उष्णता अंदाजे पावणेदोन मिनिटांत भरून काढतो. चार पिशव्या टाकल्यावर पंधरा-वीस मिनिटांनीही पाणी २९-३० वर अडकून असेल तर हीटर पूर्ण ताकदीने चालत नाही. मग भिंतीवरचं व्होल्टेज बघा. २३० ऐवजी १८० येत असेल तर त्याच हीटरची ताकद ६०० वॅटच्या आसपास उतरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. बाथ निर्दोष असतो, दोष लाइनचा. संध्याकाळी सातनंतरच बाथ 'स्लो' होतो अशी तक्रार एका ठिकाणी महिनाभर चालली होती. स्टॅबिलायझर लावल्यावर थांबली.

पिशवी पाण्यात न बुडवता वितळवणारी कोरडी यंत्रं, म्हणजे प्लाझ्मा थॉवर, मिळतात, गरम पाण्याच्या बंद गाद्यांमध्ये पिशवी धरणारे किंवा तापलेल्या पट्ट्यांचे. महाग आहेत, पण पाण्यातल्या जंतूंचा प्रश्न बराच मिटतो. घ्यायची ऐपत असेल तर घ्या. चाचपायची सवय तिथेही सोडू नका.

८. मागे जा : फ्रीजर आणि रक्तदानाची खुर्ची.

गुठळ्या पुन्हा पुन्हा येत असतील आणि वितळवण्यात काही चूक सापडत नसेल तर त्या पिशव्यांचे क्रमांक एका कागदावर मांडा. एकाच दिवसाच्या आहेत? एकाच शिबिरातल्या? हे काम कंटाळवाणं आहे, पण उत्तर इथेच दडलेलं असतं. ४५० मिलिलिटरच्या पिशवीत ६३ मिलिलिटर प्रतिगोठण द्रव असतो. रक्त वाहताना तो सतत मिसळत राहायला हवा. शिबिरात मिक्सर बंद पडला, कुणी हाताने हलवायला विसरलं, किंवा शीर नीट लागली नाही आणि रक्त थेंबथेंब आलं, तर गुठळी खुर्चीवरच जन्मते. प्लाझ्मात ती वितळवल्यावर दिसते आणि बोल बाथला लागतो. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागलेली पिशवी एफएफपीसाठी धरायची नसते, ती यासाठीच. त्याच दात्याच्या लाल पेशींची पिशवी अजून फ्रीजमध्ये असेल तर तीही काढून बघा.

कुठे थांबायचं

बाथच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, ब्रेकर उडाला, जळका वास आला : भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा, बाथवर 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावा. स्वतः झाकण उघडायचं नाही, 'फक्त वायर घट्ट करतो' म्हणणाऱ्या ओळखीच्या वायरमनला उघडू द्यायचं नाही. पाणी आणि २३० व्होल्ट एकाच भांड्यात आहेत. हे बायोमेडिकल इंजिनियरचं काम.

वेगळ्या थर्मामीटरने पाणी ३७ च्या वर दाखवलं तर त्या वेळी बाथमध्ये असलेल्या पिशव्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवल्याशिवाय देऊ नका. एकाच बॅचच्या दोन पिशव्यांत गुठळ्या निघाल्या तरी त्यांनाच कळवा. बॅच अडवून ठेवायची की नाही हा निर्णय टेक्निशियनचा नाही. आणि प्लाझ्मा चालू असताना रुग्णाला थंडी वाजली, अंगावर पित्त उठलं, दम लागला, रक्तदाब पडला, तर तक्रार 'बाथ'ची आहे की कशाची हे शोधत बसू नका. रक्तसंक्रमण बंद, शीर सलाइनवर चालू, डॉक्टर ताबडतोब. पिशवी आणि सेट जसा आहे तसा रक्तकेंद्राकडे परत, आणि हिमोव्हिजिलन्सचा (रक्त दिल्यावर झालेल्या त्रासाच्या नोंदीचा) फॉर्म भरायचा. पिशवी कचऱ्याच्या डब्यात गेली तर तपासायला काही उरत नाही.

इंजिनियरला फोन करताना 'बाथ चालत नाही' एवढंच सांगू नका. डिस्प्लेचा आकडा, वेगळ्या थर्मामीटरचे चारही कोपऱ्यांतले आकडे, पाण्याची पातळी, कागदाचा कपटा फिरतो की नाही, भिंतीवरचं व्होल्टेज, किती पिशव्या टाकल्यावर पाण्याचं तापमान किती वेळ खाली अडकून राहतं, आणि बाथचा मॉडेल क्रमांक. एवढं वाचून दाखवलंत तर तो फोंड्याहून निघतानाच सेन्सर घेऊन निघतो, आणि दुपारच्या आधी बाथ परत लागतो.